पोटफोल्डरांची यादी : प्रस्तावना

या पुस्तिकेचा सगळा विषय एका ओळीत मावतो. ती ओळ अशी :

घर+ हॅज ४२ मेसेजेस (३-६१); कर=५८; (अदर्स).

एमएच या जुन्या ईमेल-संचात 'फोल्डर' नावाची एक कमांड आहे. ती चालवली की चालू फोल्डरबद्दल अशी एक ओळ पडद्यावर उमटते. 'फोल्डर्स' असे अनेकवचन टाइप केले की सगळ्या फोल्डरांच्या ओळी एकाखाली एक येतात. दोन्ही कमांडी मुळात एकच. दुसरी म्हणजे पहिलीला '-ऑल' हा स्विच लावलेला. एवढ्याशा कामावर पुस्तिका लिहायला बसलो तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "यादी काढायची त्यात शिकवायचं काय असतं?" तेव्हा मी उत्तर दिले नाही. ही प्रस्तावना म्हणजे ते राहून गेलेले उत्तर.

एक खुलासा आधीच करतो. आतल्या पानांत कमांडी, स्विच आणि पडद्यावरची उत्तरे इंग्रजी लिपीत, जशीच्या तशी छापली आहेत, कारण तिथे एक टिंब चुकले तरी काम अडते. प्रस्तावनेत मात्र सगळे नागरीत लिहिले आहे. इथे कोणी काही टाइप करायला बसणार नाही.

एमएच म्हणजे मेसेज हँडलर. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका गावी रँड कॉर्पोरेशन ही संशोधन संस्था आहे. तिथे १९७७ साली स्टॉकटन गेन्स आणि नॉर्मन शपिरो यांनी एक कल्पना मांडली : ईमेलसाठी एकच मोठा प्रोग्राम कशाला? युनिक्सवर फाइली आहेत, डिरेक्टऱ्या आहेत, छोट्या छोट्या कमांडी आहेत. पत्रव्यवहारही त्याच पद्धतीने करता येईल. ब्रूस बॉर्डन यांनी ती कल्पना प्रत्यक्षात लिहून काढली आणि १९७९ साली या तिघांच्या नावावर वापरकर्त्यांसाठीची माहितीपुस्तिका रँडच्या अहवालमालेत निघाली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत मार्शल रोझ, जॉन रोमाइन वगैरे मंडळींनी एमएच सांभाळले, वाढवले. १९९७च्या सुमारास रिचर्ड कोलमन यांनी त्यातूनच एनएमएच काढले आणि आज लिनक्सवर मिळते ते हेच. ईमेलच्या जगात चाळिशी ओलांडलेले आणि अजून चालते असे फार थोडे उरले आहे. वापरणारे मोजकेच असतील, पण जे आहेत ते सोडत नाहीत.

मूळ कल्पना अगदी सरळ आहे. प्रत्येक पत्र म्हणजे एक फाइल. फाइलीचे नाव म्हणजे एक आकडा. फोल्डर म्हणजे एक डिरेक्टरी. नवे पत्र आले की पुढचा आकडा. त्या काळी बहुतेक ठिकाणी सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक चिकटवलेली असत. एमएचने ती सुटी केली. सुटी केल्यामुळे एक गोष्ट आपोआप पदरात पडली. डिरेक्टरीत डिरेक्टरी ठेवता येते, म्हणून फोल्डरात फोल्डरही ठेवता येतो. 'घर'च्या आत 'वीजबिल', त्याच्या आत 'तक्रारी', हवे तितके खोल जा. ही सोय एमएचने केली असे म्हणण्यापेक्षा युनिक्सने केली आणि एमएचने तिच्या आड यायचे टाळले, असे म्हणणे जास्त बरोबर होईल. पण सोय फुकट मिळाली तरी तिची यादी फुकट मिळत नाही. तिथूनच ही पुस्तिका सुरू होते.

आता त्या पहिल्या ओळीकडे परत जाऊ.

'घर'च्या मागे '+' आहे, म्हणजे हा चालू फोल्डर. गंमत अशी की आपण कमांड देतो तेव्हा '+' नावाच्या आधी लावतो, आणि कमांड उत्तर देते तेव्हा तो नावाच्या मागे असतो. पुढचा '+' म्हणजे 'हे फोल्डरचे नाव आहे', मागचा '+' म्हणजे 'तुम्ही सध्या इथे आहात'. नवशिके इथे हमखास गोंधळतात, आणि मी पाहिलेल्या एकाही ओळखपर लेखात हे सरळ सांगितलेले नाही.

पुढे ४२ पत्रे आणि कंसात ३ ते ६१. तीनपासून एकसष्टपर्यंत एकोणसाठ आकडे होतात. म्हणजे सतरा जागा रिकाम्या. ती पत्रे एक तर दुसऱ्या फोल्डरात हलवली आहेत, नाही तर काढून टाकली आहेत. काढून टाकणे म्हणजे तरी काय, तर फाइलीच्या नावाआधी स्वल्पविराम लावणे. फाइल तिथेच असते. स्वल्पविरामाने सुरू होणाऱ्या नावांकडे एमएच काणाडोळा करते इतकेच. '-पॅक' हा स्विच दिला की या भेगा बुजतात आणि पत्रे १ ते ४२ अशी सरकून बसतात. मात्र वहीत 'घर ५८ पाहा' असे लिहून ठेवले असेल तर ती नोंद त्या क्षणी खोटी ठरते. पॅक करण्याआधी वही चाळा, असे मी दुसऱ्या प्रकरणात ठळक अक्षरांत छापले आहे. 'कर' म्हणजे करंट, सध्याचे पत्र. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही.

आणि शेवटी कंसातला तो शब्द : अदर्स. इतर. कसले इतर? मॅन पेजचे म्हणणे असे की या फोल्डरमध्ये पत्र नसलेले काहीतरी आहे. ते पोटफोल्डर असेल, किंवा एमएचच्या आकड्यांच्या पद्धतीत न बसणारी एखादी फाइल असेल. नक्की काय, ते ही ओळ सांगत नाही. गोदामाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाने आत न जाता "आत अजून काहीतरी आहे बरं का" म्हणावे, तसा हा शब्द आहे.

या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी मोजली आहे, खरे तर दुसऱ्याला मोजायला लावली आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका संशोधन संस्थेत संगणक सांभाळत होतो. जुनी युनिक्स मशीन काढून नवी आणायची होती आणि नव्या मशीनवर एमएच नको, सगळ्यांची पत्रे एकेका मोठ्या फाइलीच्या रूपात हवीत, असा निर्णय वरून आला होता. त्यासाठी एमएचमध्येच 'पॅकएफ' नावाची कमांड आहे. ती एका फोल्डरमधली सगळी पत्रे उचलून एका फाइलीत भरते. मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली : फोल्डरांची यादी काढ, यादीतल्या प्रत्येक नावावर 'पॅकएफ' चालव. यादीसाठी 'फोल्डर्स -फास्ट' वापरले, कारण '-फास्ट' फक्त नावे देते आणि स्क्रिप्टला नावेच हवी असतात. तीस-बत्तीस जणांचा मेल एका रात्रीत हलवला. दोन दिवस कोणाची तक्रार नाही हे पाहिले. तिसऱ्या दिवशी जुन्या डिस्का पुसल्या.

आठवड्याने एक ज्येष्ठ प्राध्यापक दाराशी आले. आवाज चढवला नाही, ही त्यांची सवय. म्हणाले, "अरे, 'विद्यार्थी' उघडलं तर त्यात तीनच पत्रं आहेत. आतली कुठे गेली?"

"आतली म्हणजे, सर?"

"म्हणजे एकेका पोराच्या नावाचं होतं की आत. चौदा वर्षांचं आहे ते."

'फोल्डर्स' ही कमांड आपणहून एकच पातळी पाहते. वरचे फोल्डर सांगते, त्यांच्या पोटात शिरत नाही. शिरायला हवे असेल तर '-रिकर्स' द्यावे लागते. ते मी दिले नव्हते. साधी, '-फास्ट'शिवायची यादी काढली असती तर 'विद्यार्थी'च्या ओळीच्या टोकाला '(अदर्स)' दिसले असते आणि कदाचित मी थांबलो असतो. पण '-फास्ट' फोल्डर उघडून वाचतच नाही, म्हणून तर ते फास्ट. त्यामुळे त्यात '(अदर्स)'ही येत नाही. स्क्रिप्टने काम चोख केले. यादीत जे होते ते सगळे हलवले. सरांच्या जवळ काही पत्रांचे छापील कागद होते. ते त्यांनी फायलीत लावून ठेवले आणि माझ्याशी त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्या रात्री मी पहिल्यांदा 'फोल्डर'चे मॅन पेज सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. सगळे तिथे होते. '-रिकर्स'बद्दल त्यात लिहिले आहे की या स्विचमुळे '-फास्ट'चा वेग वाया जातो, कारण पोटफोल्डर शोधायला प्रत्येक फोल्डरात शिरावे लागते. तरी ही जोडी उपयोगाची आहे. मला हवी होती ती नेमकी हीच जोडी! मॅन पेज लिहिणाऱ्याने चूक केली असे मी म्हणणार नाही. त्याने स्विचची माहिती स्विचच्या परिच्छेदात लिहिली. पण मी त्या परिच्छेदात कधी गेलोच नाही, कारण मला जे हवे होते ते माझ्या मते '-फास्ट'च्याच परिच्छेदात संपले होते. 'ही यादी अपुरी असू शकते' हे वाक्य '-फास्ट'च्या पुढच्याच ओळीत असते तर मी ते वाचले असते.

म्हणून यादी देणाऱ्या साधनाची माहिती लिहिताना मी एक पथ्य ठरवले आहे : यादीत काय येते हे सांगितल्याबरोबर, त्याच परिच्छेदात, काय येत नाही तेही सांगायचे. साधन स्वतः ते कधीच सांगत नाही. गाळलेली गोष्ट पडद्यावर दिसत नाही आणि दिसत नसल्यामुळे तिच्याबद्दल विचारायचेही कोणाला सुचत नाही. चुकलेली कमांड निदान ओरडते. अपुरी यादी मात्र पुऱ्या यादीसारखीच दिसते.

युनिक्सच्या मॅन पेजांबद्दल माझे मत यानंतरही चांगलेच राहिले, हे नमूद करतो. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या ३ नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलपासून 'बग्ज' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात लिहिणारा स्वतःच्या प्रोग्रामच्या उणिवा आपणहून कबूल करतो. एरवी विकायच्या वस्तूच्या माहितीपत्रकात असा रकाना कोणी ठेवेल का? एनएमएचच्या 'फोल्डर'च्या पानावरही तो आहे. तिथली कबुली वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. फोल्डर नसेल तर तो तयार करू का, असे ही कमांड विचारते. 'विचारत बसू नकोस' असे सांगणारे दोन स्विच आहेत, पण एकदा त्यातला एखादा दिला की 'पुन्हा विचारत जा' असे सांगायची सोय नाही. प्रामाणिक आणि बारीक कबुली. पण ती वाचतानाच माझ्या लक्षात आले की यादी दाखवणारी ही कमांड फोल्डर तयारही करते. नाव टाइप करताना एक अक्षर चुकले, प्रश्न आला, बोटाने सवयीने 'वाय' दाबले, की नवा रिकामा फोल्डर जन्माला येतो आणि तोच चालू फोल्डर होऊन बसतो. बघायला गेलेला माणूस घर बांधून येतो. हाही विषय दुसऱ्या प्रकरणात आहे.

'(अदर्स)'चे एक उपकथानक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ईमॅक्स या संपादकासोबत एमएच-ई नावाचे पॅकेज येते. ते एमएचवर चढवलेले दर्शनी रूप आहे. कोणत्या फोल्डरला पोटफोल्डर आहेत हे त्याला कळावे लागते. त्यासाठी ते काय करते, तर आतून हीच 'फोल्डर्स' कमांड चालवते आणि उत्तरातली प्रत्येक ओळ वाचते. 'हॅज' हा शब्द सापडला की त्याच्या आधीचे सगळे म्हणजे फोल्डरचे नाव, आणि ओळीत '(अदर्स)' सापडले की याला पोरे आहेत असे समजायचे. माणसाला वाचता यावे म्हणून लिहिलेले एक साधे इंग्रजी वाक्य असे दुसऱ्या प्रोग्रामचा करार होऊन बसले आहे. उद्या कोणी सुधारणा म्हणून 'हॅज'च्या जागी दुसरा शब्द घातला तर पलीकडे ईमॅक्समधली फोल्डरांची यादी कोसळेल. आणि फोल्डरात चुकून एखादी 'टिपणे' नावाची फाइल पडली असेल तर एमएच-ईला वाटेल की आत पोटफोल्डर आहे, आणि उघडून पाहिले तर काही नाही. कमांडीच्या उत्तराचा मजकूर तंतोतंत छापायचा असतो, 'साधारण असे दिसते' म्हणून चालत नाही, ते यासाठी.

आता मराठी वाचकाला जवळचा एक सापळा. आपल्याकडे कागदपत्रे वर्षवार लावायची पद्धत आहे. घरपट्टीच्या पावत्या, आयकराची पत्रे, सोसायटीच्या सभेच्या सूचना, सगळे वर्षाप्रमाणे. तसे 'घरपट्टी' फोल्डरात इंग्रजी आकड्यांत २०१९, २०२०, २०२१ असे तीन पोटफोल्डर केले तर काय होईल? एमएचच्या दृष्टीने ज्याचे नाव निव्वळ आकडा ते पत्र. ती फाइल आहे की डिरेक्टरी हे मोजताना ते तपासतच नाही. 'घरपट्टी'त एकही पत्र नसले तरी यादी म्हणेल : तीन पत्रे, २०१९ ते २०२१. '-रिकर्स' आणि '-फास्ट' ही जोडी दिली तर तीच तीन नावे फोल्डर म्हणून येतील. एकच वस्तू दोनदा, दोन वेगळ्या रूपांत. इलाज सोपा आहे, नावाआधी एखादे अक्षर जोडावे, 'सन२०१९' असे. दुसरा इलाज मला योगायोगाने सापडला आणि तो सांगताना मला थोडा आनंद होतो : आकडे मराठीत लिहावेत. एमएच शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच आकडे मानते. आपले देवनागरी '२०१९' त्याच्या लेखी अक्षरे आहेत, त्यामुळे तो फोल्डर फोल्डरच राहतो.

नावांचा प्रश्न निघालाच आहे, तर शेवटच्या प्रकरणाबद्दल इथेच बोलतो. मूळ बेत फक्त एमएचचा होता. पण आज बहुतेकांची पत्रे दूरच्या सर्व्हरवर असतात आणि तिथे फोल्डरांची यादी आयमॅप या संकेतानुसार मागावी लागते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये त्याची पहिली आवृत्ती रचली. आयमॅप-४ म्हणून जे रूढ झाले त्याचा सुधारित मसुदा २००३चा, आणि त्यानंतरचा २०२१चा. त्यात यादीची कमांड 'लिस्ट'. तिला दोन जोकर चालतात : '*' म्हणजे सगळे, कितीही खोल, '%' म्हणजे ही पातळी, पुढची नाही. माझी संस्थेतली चूक आयमॅपच्या भाषेत सांगायची तर मला '*' हवे होते आणि मी '%' मागितले होते. मग नेहमी '*'च का मागू नये? १९९९ साली बॅरी लीबा यांनी आयमॅप राबवणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या, त्यांत हे टाळायला सांगितले आहे. काही सर्व्हरांवर फोल्डरांचे झाड कुठे संपते याला धरबंध नसे, आणि '*' मागणारा तासन्‌तास वाट पाहत बसे.

पातळ्या कोणत्या चिन्हाने तोडायच्या हेही सगळीकडे सारखे नाही. कुठे तिरकी रेघ, कुठे टिंब. रिकाम्या नावाने 'लिस्ट' मागितली की सर्व्हर आपले चिन्ह सांगतो. ते आधी विचारल्याशिवाय नावे तोडायला जाऊ नये. मेलडिर-प्लसप्लस या साठवणीच्या पद्धतीत तर डिस्कवर पोटात पोट नसतेच. सगळ्या डिरेक्टऱ्या शेजारीशेजारी असतात आणि '.घर.वीजबिल' अशा नावातल्या टिंबांवरूनच कोण कोणाच्या पोटात ते ठरते. डिस्क पाहणाऱ्याला चाळीतल्या खोल्या दिसतात, यादी पाहणाऱ्याला वाडा. जीमेलमध्ये तिसरीच तऱ्हा. तिथे मुळात लेबले आहेत, आणि आयमॅपमधून पाहताना ती फोल्डर म्हणून दिसतात. एकाच पत्राला तीन लेबले असतील तर ते तीन फोल्डरांत मोजले जाते; सगळ्या फोल्डरांची बेरीज करून एकूण पत्रे सांगणारा फसतो.

आणि देवनागरी नावे. आयमॅपच्या जुन्या नियमाप्रमाणे फोल्डरचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांतच जायला हवे. बाकी लिप्यांसाठी यूटीएफ-७ची एक फिरवलेली तऱ्हा ठरवली आहे. मी 'घर' नावाचा फोल्डर केला आणि सर्व्हरचे कच्चे उत्तर पाहिले, तर तिथे 'घर' नव्हते. होते ते असे : अँपरसँड, मोठा सी, मोठा आर, छोटा जी, मोठा जे, मोठा एम, मोठा ए, आणि शेवटी आडवी रेघ. मेल दाखवणारे प्रोग्राम हे उलगडून 'घर' दाखवतात. साध्या स्क्रिप्ट उलगडत नाहीत. थोडा वेळ कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा त्यात एक शिस्त दिसली. देवनागरीने सुरू होणारे प्रत्येक नाव अँपरसँड आणि मोठ्या सीनेच सुरू होते. तिसरे चिन्ह मात्र पहिल्या अक्षरावर अवलंबून असते : अ ते ए यांना क्यू, ऐ ते ट यांना आर, ठ ते य यांना एस, र ते ह यांना टी. कोडे पूर्ण न सोडवताही ढोबळ अंदाज बांधता येतो. २०२१च्या मसुद्यात ही भानगड काढून नावे सरळ युनिकोडमध्ये घेतली आहेत, पण जुने सर्व्हर अजून पुष्कळ आहेत, म्हणून तक्ता परिशिष्टात दिला आहे.

शब्दांबद्दल थोडेसे. 'उपफोल्डर' म्हणावे असा सल्ला दोघातिघांनी दिला. मी 'पोटफोल्डर' घेतला. आपल्याकडे पोटहिस्सा आहे, पोटकलम आहे, पोटभाडेकरू आहे. सात-बारा हाताळलेल्या कोणत्याही माणसाला गटाच्या आतला पोटहिस्सा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. 'उप' म्हटले की मला उपाध्यक्ष आठवतो, शेजारच्या खुर्चीवर बसणारा. पोटातला तो नव्हे. 'आज्ञा' आणि 'आज्ञावली' हे शब्द मी टाळले आहेत, कारण कामाच्या ठिकाणी कोणी ते बोलत नाही. कमांडच म्हणतात, आणि अनेकवचन 'कमांडी' करतात. 'मेसेज'ला मात्र 'पत्र' म्हटले आहे. यावर वाद होऊ शकतो. बँकेच्या ओटीपीला पत्र म्हणायला माझीही जीभ अडखळते.

जेरी पीक यांच्या एमएचवरील ग्रंथाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तो ओरायली प्रकाशनाने नव्वदच्या दशकात काढला आणि लेखकाने पुढे तो सर्वांसाठी खुला केला. एमएचबद्दल त्याहून सविस्तर काही लिहिले गेलेले नाही. त्यात जे नीट सांगितले आहे ते मी पुन्हा सांगितलेले नाही. पत्र पाठवणे, उत्तर देणे, क्रमवारी लावणे हे सगळे तिथे वाचावे. इथे फक्त यादी आहे.

पुस्तिकेतले प्रत्येक उदाहरण मी सरावाच्या मेलवर चालवून पाहिले आहे. तरी वाचकांना विनंती की पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी आपल्या स्वतःच्या मेलवर 'फोल्डर्स -रिकर्स' एकदा चालवावे, '-फास्ट' न लावता, आणि आलेली यादी छापून पुस्तिकेत घालून ठेवावी. मेल दुसरीकडे हलवायची वेळ आली तर नव्या जागी तीच कमांड पुन्हा चालवावी, दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ पेन्सिलीने टिक करावी, आणि मगच जुनी डिस्क कोणाच्या हातात द्यावी.